शिळ्या हाराची साक्ष

हार मागायला आलेल्या गिऱ्हाईकाला ताईबाई एकच प्रश्न विचारायची. "गळाना का फोटोना?" गळ्याचा असेल तर बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत दोरा मोजायचा, फोटोचा असेल तर कोपरापर्यंत. फूटपट्टी कधी नाही, वजनकाटा कधी नाही. तिचा उजवा हात हेच तिचं माप. जळगावात भाजीबाजाराच्या तोंडाशी पिंपळाखाली ती पंचवीस वर्षं बसली. आधी नवरा उखर्डू शेजारी असायचा, तो गेल्यावर एकटी. ओल्या केलेल्या केळीच्या सोपटाचा धागा, त्यात मोगऱ्याच्या कळ्या, आणि बोटं चालतात तशी जीभही चालू.

मी तिला अक्का म्हणायचो, ती मला गिरधरभाऊ. फूटपाथवर बसून विकणाऱ्यांची संघटना मी चालवतो. शाळा सातवीत सुटली, पण कायद्याचं कलम अधिकाऱ्याच्या तोंडावर कसं फेकायचं ते मला कोणाकडून शिकावं लागलं नाही. पिंपळाखालची तिची जागा दोनदा नगरपालिकेचे लोक उठवायला आले आणि दोन्ही वेळा मी तिथे आडवा झोपलो. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. सांगतो कारण पुढे त्याच गोष्टीने घोळ घातला.

ताईबाईला एकच मुलगी, प्रमिला. बारावी झालेली, बालवाडीत शिकवायची. तिच्यावर मगन नावाच्या फोटोग्राफरचा जीव जडला होता. फॉर्मला लावायला पासपोर्ट फोटो काढायला ती त्याच्या स्टुडिओत गेली, तेव्हापासून. दोन वर्षं हा माणूस बालवाडीच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, सुटायच्या वेळी उभा राहायचा. छेड नाही, शिट्टी नाही, शब्द नाही. नुसता उभा. सगळ्या बाजारात त्याच्या प्रेमाचं कौतुक. मीही करायचो. आमच्या मोर्च्यांचे फोटो तो फुकट काढून द्यायचा, उन्हात माझ्यापुढे उलटा चालत. असा माणूस वाईट कसा असेल, हा माझा हिशोब. जात एक, पोरगा कमावता, आईवडील सोनगीरला शेती करून ठणठणीत. मीच मध्यस्थ झालो. चार वेळा ताईबाईच्या घरी गेलो. तीन वेळा ती म्हणाली, देखूत. चौथ्यांदा मान हलवली. सोमवारी दुपारी चार वाजता सुपारी फुटणार असं ठरलं. मगनची आई कमलबाई आदल्या आठवड्यात येऊन पोरीच्या हातावर पेढाही ठेवून गेली.

त्या सोमवारचा आदला दिवस, रविवार. एप्रिल महिना, सत्त्याऐंशी साल.

आमच्या वाचनालयाच्या खोलीत एक टीव्ही होता. एका उमेदवाराने निवडणुकीत तो कबूल केला होता, निवडून आल्यावर विसरला, मग मी त्याच्या दारासमोर तीन दिवस बसून त्याला आठवण करून दिली. रविवारी संध्याकाळी पिक्चर लागला की टोपल्या, हातगाड्या भिंतीला लावून सगळा बाजार तिथे. बाया पुढे सतरंजीवर, बापे मागे उभे. त्या दिवशी जुना, काळापांढरा हिंदी पिक्चर होता. खुनाचा. मगनही आला होता आणि सगळ्यांनी त्याला जावयासारखी खुर्ची दिली होती. प्रमिला घरी होती. सुपारीच्या आदल्या दिवशी पोरीने त्याच्यासमोर कशाला बसायचं, असं बायांचं म्हणणं पडलं.

पिक्चरमध्ये एक रेडिओवर गाणारी बाई. शेजारच्या बंगल्यात एक वकील. ती गाते, हा खिडकीत बसून ऐकतो. तिच्याशी बोलायची हिंमत नाही, पण तिचा फोटो टेबलावर, तिच्या सगळ्या तबकड्या कपाटात. बाईचं लग्न ठरतं दुसऱ्याशी. आणि एका सकाळी ती बंगल्याच्या विहिरीत सापडते. वकील बातमी ऐकतो, पडता पडता वाचतो, टेबलावरच्या फोटोला हार घालतो आणि खिडकीत बसून तिची तबकडी लावतो. आमच्या सतरंजीवर रडारड सुरू झाली. मगनने तर रुमालच काढला. संशय घ्यायला आणखी दोघे होते, एक तिचा होणारा दीर आणि एक डॉक्टर. शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो, एकेकासमोरून चालतो, थांबतो, खिशातून हात बाहेर काढतो.

आणि लाईट गेली.

जळगावच्या लाईटचा तो जुना स्वभाव. दहा मिनिटं वाट बघितली, वीस मिनिटं झाली, उकाड्याने माणसं बाहेर ओट्यावर आली. उजेड अजून होता. खून कोणी केला यावर वाद सुरू. झुलाल, आमच्यातला कांदे-बटाटेवाला आणि टीव्हीच्या किल्लीचा मालक, तो म्हणाला दीर. जमिनीसाठी. मी म्हणालो डॉक्टर, कारण श्रीमंत आणि गोड बोलणारा. मगन म्हणाला, कोणीही असो, खरं प्रेम एकट्या वकिलाचं.

ताईबाई पायरीवर बसून उरलेल्या कळ्या ओल्या फडक्यात बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "वकीलनीच मारं."

झुलाल हसला. तुला काय स्वप्न पडलं का, असं काहीतरी म्हणाला. तिने गाठ मारली आणि बोलली, "हार शिळा व्हता."

मग तिने समजावून सांगितलं, आमच्यासारख्या अडाण्यांना सांगावं तसं. सकाळी ओवलेला मोगरा मिटलेला असतो, कळी ताठ, धागा दिसत नाही. दुसऱ्या दिवशी कळी उघडते, पाकळ्या माना टाकतात, कडा करपतात. रंगीत पिक्चरमध्ये त्या तांबूस दिसतात, काळ्यापांढऱ्यात काळ्या. वकिलाने बातमी ऐकली सकाळी आणि लगेच हार घातला. पण तो हार कालचा होता. काळ्या कडा, मधून धागा उघडा. म्हणजे बाई जिवंत होती तेव्हाच याने तिच्या फोटोचा हार आणून ठेवला होता.

झुलालचं हसू बंद झालं. मी म्हणालो, अक्का, शूटिंगला दिव्यांची आग असते, फुलं टिकत नाहीत, एक सीन चार दिवस चालतो. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कधी फूल हातात धरलंच नाही.

मगन मात्र दुखावला. "अक्का, ज्याचा इतका जीव आहे, तो मारेल कसा?"

ताईबाईने आता मान वर केली.

"मगनभाऊ, तुना मायबाप दोन्ही जित्ता शेतस. मंग दर गुरवारले तू फोटोना हार लई जास, तो कोनले चढावस?"

मगन म्हणाला, देवाला.

"देवना हारले तुळस लागस. दोन वरीसम्हा तू एकदाव तुळस मांगी नही. मोगरा, नही ते शेवंती, आनि मधम्हा एक गुलाब. मी समजे, तुनी माय गयी व्हयी. आठ दिन पहिले तुनी माय मना घर चहा पी गयी."

मगन उठला आणि गेला. खुर्ची मागे पडली, ती उचलायलाही थांबला नाही.

माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला फार लागत नाही, हे बाजाराला माहीत आहे. चार माणसांत जावयाचा अपमान, तोही मी आणलेल्या. मी तिला नको ते बोललो. सिनेमा बघून जावई तपासतेस का, म्हणालो. उद्या सुपारी आहे आणि तू आज फुलं मोजत बसलीस. ती शांतपणे टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "सिनेमा देखीसन नही, भाऊ. हार देखीसन." आणि घरी गेली.

सकाळी मी मगनची समजूत काढायला स्टुडिओत गेलो. तो रात्रभर झोपला नव्हता, पण मला बघून खूश झाला. म्हणाला, बरं झालं आलात, तुम्हीच बघा आणि अक्काला सांगा माझं प्रेम कसं आहे ते. स्टुडिओच्या मागे खोली, खोलीला पडदा. त्याने तो बाजूला केला.

भिंतीवर मोठी फ्रेम. फ्रेममध्ये बाई. कपाळावर लाल कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, फ्रेमला मोगऱ्याचा हार, खाली उदबत्ती. माझे हात आपोआप जोडले गेले. असा फोटो दिसला की आपण काय करतो? घरातलं कोण गेलं, कधी गेलं, हे विचारायला तोंड उघडलंही मी.

मग दिसलं की ती प्रमिला आहे.

फॉर्मसाठी काढलेला तोच पासपोर्ट फोटो. निगेटिव्ह ठेवून घेतली, मोठा केला, त्यावर ब्रशने रंग भरले. प्रमिलाच्या गळ्यात साधा काळा दोरा असायचा. त्याने तो खरवडून तिथे मंगळसूत्र काढलं होतं, एकेक मणी. मेलेल्या सवाष्णीच्या फोटोवर घरचे लोक असं काम करून घेतात. हात सराईत होता त्याचा.

जोडलेले हात सोडायला मला वेळ लागला. मग विचारलं, "तिला विचारलंस कधी?"

"विचारायचं काय, भाऊ? बघा ना. ती माझ्याकडेच बघतेय."

"मगन, फोटो काढताना सगळेच तुझ्याकडे बघतात. मीपण बघितलंय."

त्याला ते कळलं नाही. मी म्हणालो, बरं, दोन वर्षांत ती तुझ्याशी काय बोलली, एखादं वाक्य सांग. तो खरंच आठवायला लागला. प्रामाणिक होता, खोटं बोलला नाही. शेवटी म्हणाला, "फोटो कधी मिळतील, असं विचारलं होतं."

मी तिथून निघालो तो थेट बालवाडीत. पोरं खिचडी खात होती. प्रमिलाने मला व्हरांड्यात स्टूल दिलं. मी विचारलं, आणि विचारतानाच माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारतोय. बायकांच्या हक्कावर मी कागदाशिवाय तासभर बोलतो. टाळ्या घेतो.

ती म्हणाली, "मामा, चार वेळा आलात. चारही वेळा चहा मी आणला, आणि चारही वेळा प्रश्न तुम्ही आईला विचारला."

"आता तुला विचारतोय."

"नाही. मला करायचं नाही. आईला पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मग तिने सांगितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्यातलं काहीही मला नवीन नव्हतं. तो रस्त्यापलीकडे उभा राहतो. काही बोलत नाही, म्हणून तक्रार तरी काय करायची? तिने वाट बदलली, तर तो त्या वाटेवर. तिने सुटायची वेळ बदलून घेतली, तर त्या वेळेला. आठवडाभर असोद्याला मावशीकडे जाऊन राहिली, तर गावच्या स्टँडवर. ज्याचं मी बाजारभर कौतुक करत फिरलो, तेच हे. मी विचारलं, मग अक्का हो का म्हणाली?

"तुम्ही तिच्या जागेसाठी आडवे झोपला होतात. तुमचा शब्द तिला मोडवेना."

मी उठलो. रागावण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून स्वतःवर रागावलो, आणि तो राग पायात घेऊन पिंपळाखाली गेलो. ताईबाई ओवत होती. अक्का, सुपारी फुटणार नाही, मी मोडतो, असं म्हणालो. ती म्हणाली, "मी येस." दोरा दाताने तोडला, टोपलीवर फडकं टाकलं आणि चपला घालून माझ्या पुढे चालायला लागली.

स्टुडिओत पोचताच सुपारी मोडल्याचं मगनला मी एका वाक्यात सांगितलं. तो आधी रडला. मग रडणं थांबलं आणि चेहरा वेगळाच झाला. म्हणाला, ती दुसऱ्या कोणाची झाली तर मी काय करीन ते मलाही माहीत नाही. माझा हात वर गेला होता. ताईबाईने तो मनगटात धरला. फुलं ओवणाऱ्या बाईच्या बोटांत एवढी ताकद असते हे मला ठाऊक नव्हतं. मला बाजूला करून ती मागच्या खोलीत गेली, फ्रेमवरचा हार स्वतःच्या हाताने उतरवला आणि त्याच्यासमोर धरला.

"हाऊ हार मीच ओवा, तुले मीच दिधा. आते मीच काढी लेस. मन्ही पोर जित्ती शे, मगनभाऊ. ती तंडस, भांडस, हाससही. फोटो तंडत नही, म्हनीसन तुले फोटो गोड लागना."

तो खाली बसला. गिऱ्हाईकाला बसवायच्या स्टुलावर, दिव्यांच्या समोर. तिने निगेटिव्ह मागितली. त्याने ड्रॉवर उघडून दिली. का दिली, मला आजही सांगता येत नाही. माझ्या ओरडण्याने त्याने दिली नसती, एवढं मात्र नक्की.

धुळ्याच्या बसने त्याचे वडील हिलाल नाना उतरले, हातात नारळ-सुपारीची पिशवी. मी त्यांना स्टँडवरच गाठलं. मला वाटलं होतं भांडण होईल, बाह्या वर करून गेलो होतो. नानांनी ऐकलं, म्हणाले, फोटो दाखवा. स्टुडिओत फ्रेमसमोर उभे राहिले तेव्हा त्यांचेही हात जोडायला वर गेले. अर्ध्यातून त्यांनी ते खाली आणले. मग पोराकडे वळून एवढंच म्हणाले, "चाल घर." त्याच संध्याकाळी त्याला सोनगीरला घेऊन गेले. वर्षभराने मगनने तिथेच हायवेवर लग्नाचे फोटो काढायचं दुकान टाकलं, असं कानावर आलं. तरी मी महिनाभर बालवाडीच्या समोर, तो उभा राहायचा तिथेच, चार हातगाडीवाल्या बायांना आलटून पालटून उभं केलं. विश्वास वेगळा, पहारा वेगळा.

निगेटिव्ह ताईबाईने लगेच जाळली नाही. घरी गेल्यावर अंगणात उभी राहून उन्हात धरली. निगेटिव्हमध्ये केस पांढरे दिसतात, तोंड काळं. मला वाटलं, अभद्र वाटून टाकून देईल. पण ती निरखून बघत राहिली.

"देख वं पमे. म्हातारी व्हयी तवय अशी दिखाई तू."

प्रमिलाने तिच्या खांद्यावरून डोकावलं, म्हणाली, दातपण काळे आहेत, तंबाखू खाईन वाटतं. दोघी इतक्या हसल्या की मीही हसलो. मग निगेटिव्ह चुलीत गेली.

गुरुवारी मी सभेसाठी धुळ्याला होतो. तिथला आमचा कार्यकर्ता लोटन, त्याच्याकडे रविवारी लाईट गेली नव्हती. मी पहिला प्रश्न तोच विचारला, सभा मागून. त्याने सांगितलं, खून डॉक्टरने केला. वकील निर्दोष, उलट शेवटी त्याच्यावर एक दर्दभरं गाणं आणि फोटोसमोर दिवा. म्हणजे माझं बरोबर निघालं होतं. खोटं कशाला बोलू, बसमध्ये मी छाती काढून बसलो.

जळगावला उतरलो तो थेट पिंपळाखाली. अक्का, डॉक्टर निघाला, हार शूटिंगमुळेच शिळा झाला होता. झुलाल पण येऊन उभा राहिला, हिची फजिती बघायला.

ताईबाईचा हात थांबला नाही. एक कळी, एक फास, एक कळी, एक फास.

"मंग पिच्चर बनाडनारा चुकना," ती म्हणाली.

झुलालने विचारलं, म्हणजे काय? ज्याने बनवला त्यालाच माहीत नाही होय?

"त्याले बी तुमना गिरधरभाऊगत वाटनं व्हयी. रडस म्हनीसन चांगला शे."

झुलाल माझ्याकडे बघून हसला.

इतक्यात एक पँटवाला तरुण आला, फोटोचा हार हवा म्हणाला. ताईबाईने दोऱ्याचं टोक बोटावर धरलं, पण कोपरापर्यंत नेलं नाही. आता तिचा एक प्रश्न वाढला होता, आणि पुढे जितकी वर्षं ती तिथे बसली तितकी वर्षं तिने तो फोटोचा हार मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारला. कोणी चिडलं, कोणी दुसरीकडून हार घेतला, तिने पर्वा केली नाही.

"कोन गयं, भाऊ?"

तो म्हणाला, आजोबा, परवा. तेव्हा तिने दोरा कोपरापर्यंत मोजला.